टाम्पेरे येथील हम्मामखाना नाताळी तापविल्याची हकीकत

श्रीअग्निनारायण सहाय्य. पृथ्वीवर राज्ये आली आणि गेली, कोणी गड घेतले, कोणी समुद्र ओलांडिले, त्यांची वर्णने लिहिणारांनी लिहिली. परंतु उत्तरेस फिनलंड म्हणोन मुलूख, तेथे टाम्पेरे शहर, त्या शहरी दोन तळ्यांमधील चढावर चार मजली पिवळी इमारत, तिचे तळघरी जो हम्मामखाना, तो नाताळचे आदले दिवशी कोणी आणि कोणत्या मसलतीने तापविला, हे कोणी लिहिले नाही. पुढेमागे कोणी म्हणेल की आपोआप तापला. ऐसे होऊ नये, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे. जेथे लेखणीस रंग भरण्याचा मोह जाहला तेथे तिला आवरिले. जेथे आवरली नाही तेथे वाचणारांनी माफ करावे.

त्या मुलखी हम्मामास सौना म्हणतात आणि तिजवाचोन नाताळ होत नाही. आदले दिवशी दुपारी बारास तुर्कू शहराहून शांततेचा जाहीरनामा वाचतात, तो तमाम रयत रेडिओवर ऐकते, आणि मग तांदळाची खीर, आणि मग सौना, आणि मग स्मशानी मेणबत्त्या, आणि मग रात्रीचे जेवण. यात एक मुक्काम चुकला की पुढील सर्व कूच फसते, हे तेथील पोरासोरांसही ठाऊक.

ऐसियास सदरहू इमारतीचा हम्माम जे यंत्र चालवीत असे, ते बहुत वर्षे चाकरी करोन शरद ऋतूत मृत्यू पावले. भट्टी शाबूत, भट्टीवरील धोंडे शाबूत, परंतु भट्टीस वेळेवर पेटविणारा आणि विझविणारा कोणी राहिला नाही. तेव्हा राजमान्य राजेश्री ओस्मोपंत राउतिओ, इमारतीचे मुख्य कारभारी, सायकलींचे परम भोक्ते, यांनी सभा भरविली आणि मनसुबा मांडिला की, सौना हल्ली ज्याच्या त्याच्या घरी आहे, तळघरचीस कुलूप घालावे आणि तेथे उत्तम सायकलखाना करावा. सभेत कोणी होय म्हणेना, कोणी नाही म्हणेना. त्या मुलखी सभेत बोलणे म्हणजे रस्त्यात नाचण्यासारखे समजतात.

तेव्हा मागील खुर्चीवरोन हिल्क्काबाई तोल्वानेन उभ्या राहिल्या. या बाई शहराचे पाणीपुरवठ्याचे प्रयोगशाळेत चाकरीस. पाण्याचे एका थेंबात काय काय आहे हे अचूक सांगणार, आणि जिन्यात कोणाची पावले वाजली तर ती खाली उतरोन जाईपर्यंत आपल्या दाराआड उभ्या राहणार. हे तेथे उद्धटपण नव्हे, शिष्टाचार. आजवर कोणत्याही सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकिला नव्हता.

"मी करते," हिल्क्काबाई म्हणाल्या.

"काय करतेस?" ओस्मोपंतांनी पुसले.

"सौना चालू."

आणि खाली बसल्या. मागाहून बायकांत बोलवा उठली की हिल्क्काने भाषण केले.

ओस्मोपंतांनी दुसरे दिवशी जिन्यातील फळ्यावर फर्मान लाविले, ते येणेप्रमाणे: नाताळचे आदले दिवशी बायकांचे स्नानाचे फेऱ्यापावेतो, जो पुरुषांचे आधी असतो, बसावयाचे वरचे फळीवर ऐंशी अंश भरले तर हम्माम कायम, न भरले तर वसंतात सायकलखाना. तोपावेतो वीज फुकट जाळणे नाही, सबब आधी तापवोन पाहण्यास मनाई. फर्मानाखाली सायकलीचे लहानसे चित्र काढिले होते.

आता या हम्मामाची खरी वारसदार कोण म्हणाल, तर तिसरे मजल्यावरील लेम्पीबाई आहोला, वयाची नव्वदी उलटलेल्या. इमारत बांधली त्या सालापासून नाताळची सौना त्यांनी चुकविली नाही. वरचे फळीवरील खिडकीकडील कोपरा त्यांचा, हे दस्तऐवजावाचोन सर्वमान्य. त्यांचे घरी उभ्याने नहाण्याचा नळ आहे, सौना नाही. त्या म्हणत, "नळाखाली माणूस भिजतो. अंघोळ वेगळी."

लेम्पीबाई आणि हिल्क्काबाई यांजमध्ये एक तह होता. इमारत काटकोनात वळलेली, सबब एकीचे स्वयंपाकघरातून दुसरीचे दिसे. मागे एकदा लेम्पीबाई पाय घसरोन पडल्या आणि अर्धा दिवस तैशाच राहिल्या, तेव्हापासून रोज सकाळी लेम्पीबाईंनी खिडकीचा पडदा वर करावा आणि हिल्क्काबाईंनी समोरून कॉफीचा कप उचलोन दाखवावा, ऐसी चाल पडली. यास कागद नाही, मोहर नाही, आणि दोघींत याविषयी कधी चकार शब्द निघाला नाही. पडदा वर जाई, कप वर जाई, आणि मग दिवस सुरू होई.

असो. हिल्क्काबाईंनी एका बंद पडलेल्या कारखान्याचे भंगारातून लहानसे यंत्र पैदा केले, बिस्किटांचे डब्याएवढे, अंगाने मजबूत, परंतु मेमरी अगदी बेताची. आता यंत्राचा जो गाभा, ज्यास जाणते कर्नेल म्हणतात, तो म्हणजे दरबारातील दिवाण: डिस्क, यंत्राचा पडदा, तारा, घड्याळ यांस हुकूम तोच देणार, त्याजवाचोन पान हालत नाही. लिनक्स नामे हा कारभार त्याच मुलखी जन्मास आला, सबब तेथील माणसे त्यास घरचा मानितात आणि घरच्यासारखीच त्याची झाडाझडतीही घेतात. तयार मिळतो तो गाभा पृथ्वीवरील यच्चयावत यंत्रांस पुरे पडावा म्हणोन बांधिलेला. त्यात खेळाच्या दांड्यांचे सेवक, दूरदर्शनच्या पट्ट्यांचे सेवक, ज्या जातीचे छापखाने आता वस्तुसंग्रहालयी आहेत त्यांचेही सेवक, ऐसी सर्व खोगीरभरती. ती बिस्किटांचे डब्यात मावेना. आणि भट्टीचा स्विच ज्या पट्टीवर होता, तिला ओळखणारा सेवक तेवढा त्यात नव्हता.

तेव्हा गाभा नव्याने बांधावा ऐसे ठरले. बांधावयाचा तर यंत्र सवाल पुसते, एक नव्हे, दोन नव्हे, हजारो. प्रत्येक सेवकाचे नाव घेवोन पुसते की, यास हुजुरातीत घ्यावे आणि सदैव दिवाणाजवळ उभे ठेवावे? की कोठारी छावणीत ठेवावे, हाक मारताच यावे? की बडतर्फ करावे? नोव्हेंबर त्या मुलखी ऐसा की सूर्य कचेरीत तोंड दाखवोन परत जावा तैसा जातो, आणि हिल्क्काबाई कामावरून येवोन दिव्याखाली बसत, आणि एकेक सवाल वाचीत, आणि एकेकास निरोप देत. खेळाचे दांडे, बडतर्फ. रेडिओ, बडतर्फ. तमाम आवाज करणारे, बडतर्फ. सौनेत कोणी बोलत नाही, मग यंत्राने का बोलावे? जो जो माणूस कमी होई, तो तो बाईंचे चित्त प्रसन्न होई. गाभा बारीक होत होत ऐसा जाहला की हिल्क्काबाईंनी एके संध्याकाळी त्याचा आकार पाहिला आणि एकट्याच हसल्या.

त्या गर्दीत एक सवाल असाही आला की, यंत्रावर जन्मतःच एक चौकीदार बसला आहे, तो थोड्या थोड्या वेळाने हाक घालतो, त्यास ओ देणारा सेवक ठेवावा काय? खाली शेरा होता की, संशय असल्यास नाही म्हणावे. बाईंनी मनाशी म्हटले, आपण कोणाचे दारावर थाप मारीत नाही, आपले दारावर कोणी मारीत नाही, आणि सर्वांचे चालले आहे, चौकीदार कशास? आणि नाही म्हटले. येथे पुढील विघ्नाचे बीज पडले, ते वाचणारांनी ध्यानी धरावे.

प्रथम स्वारी डिसेंबरात जाहली. यंत्र तळघरी नेले, भट्टीस जोडिले, सुरू केले. यंत्राचे पडद्यावर अक्षरांची फौज धावत निघाली आणि मध्येच थबकली, आणि शेवटी ओळ उमटली की, कोठार सापडत नाही, गाभ्याने धीर सोडला आहे. हिल्क्काबाई बादली पालथी घालोन तिजवर बसल्या आणि विचार करू लागल्या. मग त्यांचे ध्यानी आले की, डिस्करूपी कोठाराचा दरवाजा उघडणारा जो सेवक, त्यास त्यांनी हुजुरातीत न घेता छावणीत ठेविले होते, आणि छावणी होती त्याच कोठाराचे आत. दिवाण बाहेरून हाक मारी, सेवक आतून ऐके, आणि दरवाजा बंद. ऐसी चूक त्या विद्येत सगळेच एकदा करितात आणि कोणी कबूल करीत नाही. बाईंनीही कोणास सांगितले नाही. दरवाजाचे सेवकास दिवाणाजवळ उभे केले, गाभा पुन्हा बांधिला, यंत्र सुरू केले, आणि क्षणभराने भट्टीचा स्विच 'टक्' वाजला. मनाई होती सबब लगेच बंद केले. परंतु तो आवाज कानी घेवोन बाई चार मजले चढोन गेल्या आणि लिफ्ट असल्याचे त्यांना वर पोहोचल्यावर आठवले.

मग नाताळचा आदला दिवस उजाडला. बर्फ पडोन थांबले होते. हिल्क्काबाई पहाटेपासोन तळघरी. तारा तपासिल्या, फळ्या धुतल्या, धोंडे उलटेपालटे रचिले. बारास रेडिओवर शांततेचा जाहीरनामा जाहला, आणि त्याच घटकेस बाईंनी यंत्र सुरू केले. स्विच वाजला, भट्टी लाल होऊ लागली, थर्मामीटरचा काटा दहा, चौदा, अठरा ऐसा चढू लागला. आणि मग पुन्हा 'टक्'. भट्टी विझली. यंत्र न सांगता न पुसता मेले, आणि लगेच आपले आपण उठोन पहिले ओळीपासोन सुरू जाहले, आणि भट्टी पेटली, आणि थोड्या वेळाने पुन्हा मेले. तक्रार नाही, चूक नाही, धीर सोडल्याचेही कळविणे नाही. बाईंनी तारा बदलिल्या. मेले. विजेचा पुरवठा बदलिला. मेले. यंत्र उष्णतेने मरते म्हणावे तर सौनेत बाईंचे अंगावर अजोनि कोट होता.

ते समयी ओस्मोपंतांची स्वारी आली. दारातून मुंडके आत घातले.

"किती?"

"सोळा."

"मघाशी वीस होते ना?"

"होते."

"म्हणजे उतरतेय."

"हो."

"सौना पेटवल्यावर उतरताना मी जन्मात पाहिली नव्हती," ओस्मोपंत म्हणाले. "चला, तेही पाहून झालं." आणि खिशातून टेप काढोन भिंत मोजू लागले. "इथे दहा हुक आरामात बसतील. हे मी तुला डिवचायला नाही म्हणत, हिल्क्का. सहज मोजतोय."

मागोमाग त्यांचे कुटुंब रायलीबाई, खांद्यावर टॉवेल टाकोन आल्या.

"ओस्मो, ती टेप खिशात घाल. सणाचा दिवस आहे."

"मी काय केलं? मोजलं."

"मोजू नकोस."

"फर्मान आहे, रायली. बायकांच्या फेऱ्यापर्यंत ऐंशी. तुमचा फेरा तीनला."

"फर्मानात तीन लिहिलंयस का?"

ओस्मोपंतांनी आठवोन पाहिले. "फेरा लिहिलंय."

"मग फेरा बायका ठरवतात. आम्ही येऊ तेव्हा फेरा. जा, ओव्हनातल्या हॅमकडे बघ, करपेल."

ऐसा खुलासा होऊन कारभारी वर गेले. परंतु रायलीबाईही जाता जाता हळू बोलल्या, "हिल्क्का, होईल ना गं? मुलांना सांगून बसलेय मी." हिल्क्काबाईंनी होय म्हटले नाही. जे मोजले नाही ते त्या बोलत नसत. बाहेर काळोख पडू लागला. त्या मुलखी दुपारचे तिनास पडतो. काटा सोळा आणि विसांमध्ये झोके घेत होता. हिल्क्काबाईंस प्रथमच वाटले की सभेत उभे राहिलो ते गैर जाहले, दाराआड होतो तेच बरे होतो.

इतक्यात जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणे, एक पायरी. लेम्पीबाई आहोला दारात उभ्या राहिल्या. एका हाती काठी, दुसऱ्या हाती सौनेत अंगावर झोडपावयाची भूर्जाच्या पानांची जुडी, जून महिन्यात बांधोन नाताळासाठी फ्रीझरात जपलेली. कपाळास घाम.

"जिवंत आहेस तर," त्या म्हणाल्या.

"लेम्पी! तुम्ही जिन्यानं आलात?"

"लिफ्टमध्ये रायलीची पोरं वरखाली करतायत. ते सोड. कप कुठे होता तुझा सकाळी?"

हिल्क्काबाईंस समजेना. या गोष्टीविषयी आजवर शब्द निघाला नव्हता, तो निघाला.

"मी... पहाटेच खाली आले."

"मला काय माहीत? मी पडदा वर केला. खिडकीत कोणी नाही. म्हटलं, केस विंचरत असेल. खाली केला, दुपारी पुन्हा वर केला. नाही. अंधार पडताना तिसऱ्यांदा केला, दोरी तुटली. मग म्हटलं, गेली हिल्क्का. कपडे घातले, तुझ्या दारावर काठी आपटली, मग इथे आले."

"पण मला काही झालं नव्हतं. मी कामात होते."

"ते तू सांगितल्यावर कळलं. हाक मारली आणि ओ आली नाही, की माणूस पडलं असंच धरायचं. आणि उठवायला जायचं. दुसरं काय करतात?"

हिल्क्काबाईंनी लेम्पीबाईंकडे पाहिले, मग यंत्राकडे, आणि नेमके त्याच क्षणी यंत्र 'टक्' करोन मेले आणि पुन्हा उठले. मग बाईंनी कपाळास हात लाविला.

चौकीदार. तो कधीच बडतर्फ होणारा नव्हता. तो यंत्राचे अंगातच बसलेला, आणि बाईंनी निरोप दिला होता तो फक्त ओ देणारास. चौकीदार आपला हाक घाली, आणि उत्तर येईना, आणि तो बिचारा समजे की आतील धनी पडला, आणि त्यास धरोन उठवी. धनी उठोन पुन्हा कामास लागे, आणि पुन्हा हाक, आणि पुन्हा मौन. सकाळपासोन तो इमानी सेवक चाकरी बजावीत होता आणि बाई त्यास शत्रू समजोन तारा बदलीत होत्या.

"लेम्पी, बसा," हिल्क्काबाई म्हणाल्या. "थोडा वेळ लागेल."

"मी बसायलाच आलेय. वरच्या फळीवर. गार असली तरी चालेल, कोपरा माझा आहे."

मग हिल्क्काबाईंनी पालथे बादलीवर लॅपटॉप ठेविला, आणि सवालांची ती लांब यादी पुन्हा उघडली, आणि चौकीदारास ओ देणारा जो सेवक, त्यास सन्मानाने परत बोलाविले, आणि छावणीत नव्हे, थेट हुजुरातीत, दिवाणाचे उजवे हाती उभे केले. आणि त्यास एकच काम नेमोन दिले, की हाक आली की ओ द्यावी, आणि दुसरे काहीही करू नये. मग गाभा बांधावयास घातला. येथे बाईंची काटकसर कामास आली. खोगीरभरती काढिल्यामुळे गाभा ऐसा हलका की बांधावयास फार अवकाश लागला नाही. तरी तो अवकाश सौनेत कोट घालोन बसलेल्या दोन बायकांस मोठा वाटला.

"तुझ्या त्या पेटीला बोलता येत नाही का?" लेम्पीबाईंनी वरून पुसले.

"आवाजवाले सगळे मीच काढून टाकले."

"माझी शेजारीण शोभतेस."

गाभा तयार जाहला. यंत्रात घातला. स्विच वाजला आणि भट्टी पेटली. पंधरा गेले, अठरा गेले, विसापाशी हिल्क्काबाई काट्यासमोर येवोन उभ्या राहिल्या. चौकीदाराने आतल्या आत हाक घातली असेल, आणि सेवकाने ओ दिली असेल. दोघांचा आवाज कोणास आला नाही, जैसा पडद्याचा आणि कपाचा येत नाही. काटा एकविसावर गेला. मग तीस. मग हिल्क्काबाईंनी कोट काढिला. मग चाळीसापाशी लेम्पीबाईंनीही काढिला आणि म्हणाल्या, "वर जा, रायलीला सांग. आणि माझा टॉवेल आण. आणि कॉफी पी आता, सकाळची राहिलीय."

येणेप्रमाणे नाताळचे आदले दिवशी, संध्याकाळी, बायकांचा फेरा जाहला. काटा ब्याऐंशीवर होता. रायलीबाईंनी स्वतः पाहिला आणि दार उघडोन जिन्यात ओरडोन कळविला. खिडकीकडील कोपऱ्यात लेम्पीबाई बसल्या, आणि पहिली ओंजळ त्यांचेच हातची, हेही दस्तऐवजावाचोन ठरलेले. पाणी तापल्या धोंड्यांवर पडले आणि वाफ उठली आणि सर्वांचे खांद्यांवर उतरली, आणि भूर्जाचे पानांस जून महिन्याचा वास सुटला. बऱ्याच वेळाने लेम्पीबाई म्हणाल्या, "नळाखाली हे होत नाही."

मग पुरुषांचा फेरा. ओस्मोपंत टॉवेल कमरेस लावोन उतरले, जिन्यातील फर्मान काढोन चार घड्या घातल्या, आणि यंत्राशेजारी, जेथे हिल्क्काबाई तारा पाहात होत्या, क्षणभर उभे राहिले.

"हिल्क्का, हे आता मरणार नाही ना मध्येच? मी वर बसलेला असताना?"

"हाकेला ओ देतंय तोवर नाही."

"आणि नाही दिली तर?"

"तर कोणीतरी येऊन उठवेल."

ओस्मोपंतांनी विचार केला, मान हालविली, आणि आत गेले. पुढे वसंतात सायकली अंगणात शेडखालीच राहिल्या, आणि शेड त्यांनी स्वखुशीने रंगविली. हम्मामखाना कायम जाहला. गाभ्यात त्यानंतर कोणताही फेरफार करण्यात आला नाही. हिल्क्काबाईंस एक-दोन सेवक अजोनि जादा वाटतात, परंतु त्यांनी कोणास बडतर्फ केले नाही.

नाताळचे सकाळी काळोख होता. तिसरे मजल्यावर लेम्पीबाईंची खिडकी उजळली. तुटले दोरीचा पडदा त्यांनी काठीने वर ढकलला, आणि तो एका बाजूस तिरपा राहिला. समोर हिल्क्काबाई कप घेवोन पाच मिनिटे आधीपासोन उभ्या होत्या. त्यांनी कप उचलिला. लेम्पीबाईंनी काठी उचलिली. हाक पोहोचली, ओ पोहोचली, मोहीम फत्ते जाहली, आणि ही हकीकत येथे पुरी करोन लेखणी टॉवेलांशेजारी वाळत घातली असे.